केमिस्ट्रीला नोकऱ्या आहेत, पण विषय बघून घ्या

'बीएस्सी केमिस्ट्री करून काही होत नाही, मुलीला इंजिनिअरिंगलाच घाला' हे मत मला अजिबात पटलं नाही. तारापूर, महाड, लोटे-परशुराम, कुरकुंभ... या एमआयडीसींमधल्या औषध आणि रसायन कंपन्यांना केमिस्ट लागतातच.

खरा फरक पडतो एमएस्सीला. ऑरगॅनिक घेतलं तर आर अँड डी आणि प्रोसेस डेव्हलपमेंटची दारं उघडतात, अ‍ॅनालिटिकल घेतलं तर क्वालिटी कंट्रोलची. इनऑरगॅनिक, फिजिकल वाईट नाहीत, पण औषध कंपन्यांत त्यांना थेट जागा कमी. हे विषय घेतले तर नेट-सेट (प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षा) आणि पीएचडीची तयारी ठेवावी लागते.

आणि मुलाखतीत गुणपत्रिकेपेक्षा एचपीएलसी, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं मशीन, जास्त बोलतं. त्याच्या आलेखातला पीक (उंचवटा) दुभंगला तर काय तपासशील? कॉलम (घटक वेगळे करणारी नळी) खराब झालाय, की नमुना विरघळवायला चुकीचं सॉल्व्हंट वापरलंय? हे ज्याने स्वतः मशीनवर बसून पाहिलंय तो लगेच सांगतो. कित्येक कॉलेजांत ते मशीन काचेआड असतं आणि मुलं जर्नलमध्ये नुसती आकृती काढतात, याचा फार राग येतो. प्रवेश घेण्याआधी प्रयोगशाळेत जाऊन सरळ विचारा, विद्यार्थ्यांना हात लावू देता का?

सुरुवातीचा पगार बेताचाच असतो, शिफ्टही कराव्या लागतात. मुलीची तयारी असेल तर जॅमचा (एमएस्सीच्या प्रवेश परीक्षेचा) अभ्यास दुसऱ्या वर्षापासूनच सुरू करू दे, आयआयटीत एमएस्सी त्यातूनच मिळते.