नुसतं मशीन सुधारून भागेल का?

वर कुणीतरी म्हटलंय की प्रयोगाच्या मशीनमधला व्हॅक्यूम (निर्वात पोकळी) अजून चांगला केला की मोठी वस्तूही सुपरपोझिशनमध्ये (एकाच वेळी अनेक जागी असल्यासारख्या क्वांटम स्थितीत) दिसेल, पण ते अर्धंच खरं आहे. व्हिएन्नात 2019 ला साधारण 2000 अणूंच्या रेणूंचं इंटरफेरन्स (तरंग एकमेकांत मिसळून पट्टे उमटणं, म्हणजे सुपरपोझिशनची खूण) दाखवलं ते भारीच, पण वस्तुमान वाढलं की वस्तूच्या क्वांटम तरंगाचं पसरणं मंदावतं, मग पट्टे दिसायला जास्त वेळ लागतो आणि तेवढ्या वेळात पृथ्वीवर ती वस्तू सरळ खालीच पडते ना! म्हणून तर हे प्रयोग अवकाशात न्यायचे प्रस्ताव आहेत. शिवाय गरम वस्तू स्वतःच फोटॉन (प्रकाशकण) सोडून आपली जागा सांगून टाकते, आणि जागा कळली की सुपरपोझिशन मोडते (सी-70, म्हणजे 70 कार्बन अणूंचे रेणू तापवून व्हिएन्नातच 2004 ला हे दाखवलंय), तिथे व्हॅक्यूम काय करणार? भौतिकशास्त्रज्ञ रॉजर पेनरोज म्हणतात तसं गुरुत्वाकर्षणच सुपरपोझिशन मोडत असेल तर मग कितीही पैसा ओता, उपयोग नाही; मला पेनरोज यांचं ते म्हणणं फारसं पटत नाही, पण तपासायला हवंच.