चार वर्षांचं काँट्रॅक्ट, दीड वर्षात रिलीज. मग उरलेल्या पैशांचं काय होतं?

निळी_जर्सी
नमस्कार मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय, कुणीतरी नीट फोड करून सांगा. मी एनएफएलमधल्या (अमेरिकन फुटबॉलची लीग) न्यूयॉर्क जायंट्सचा फॅन, सहा-सात सीझन एकही मॅच सोडलेली नाही, मैदानावर काय चाललंय ते आता बऱ्यापैकी कळतं पण मार्च महिना लागला आणि फ्री एजन्सी (करार संपलेले प्लेअर नवीन टीम शोधतात तो काळ) सुरू झाली की माझं डोकं चालेनासं होतं. मार्च २०२३ मध्ये आमच्या टीमने एकाच दिवशी दोन गोष्टी केल्या. क्वार्टरबॅक (पास फेकणारा, टीमचा म्होरक्या) डॅनियल जोन्सला ४ वर्षांचे १६० मिलियन डॉलर दिले आणि रनिंग बॅक (चेंडू घेऊन पळणारा) सेक्वॉन बार्कलीला फ्रँचायझी टॅग लावला, म्हणजे एका वर्षाच्या ठरलेल्या रकमेवर टीममध्येच अडकवून ठेवलं. पुढे काय झालं ते सगळ्यांना माहितीये, नोव्हेंबर २०२४ मध्ये जोन्सला रिलीज केलं, आणि सेक्वॉन त्याआधीच मार्चमध्ये फिलाडेल्फिया ईगल्सकडे गेला, तिथे पहिल्याच सीझनला २,००५ यार्ड पळाला आणि सुपर बोलची अंगठी घेऊन मोकळा झाला. मला अजून ते बघवत नाही.

तर प्रश्न असा की १६० मिलियनवर सही झाली असताना टीम मध्येच कशी काय सोडू शकते? उरलेले पैसे जोन्सला मिळाले का बुडाले? आणि सेक्वॉनला टॅग नकोच असेल तर तो नाही म्हणू शकत नव्हता का?

हिशोबवही
पहिली गोष्ट म्हणजे पेपरात जो मोठा आकडा येतो ना, तो विसरा. एनएफएलमध्ये काँट्रॅक्टचं खरं वजन गॅरंटीड किती यावर असतं, बाकीचे पैसे म्हणजे "तू टीममध्ये राहिलास तर मिळतील" एवढंच. जोन्सच्या १६० पैकी गॅरंटीड साधारण अर्धे होते, ८० च्या थोडे वर, आणि पहिल्या दोन वर्षांतच ते त्याच्या हातात पडणार होते. म्हणजे कागदावर चार वर्षं असली तरी दोन्ही बाजूंना पहिल्या दिवसापासून माहीत होतं की दोन वर्षांनी टीमसाठी दार उघडं आहे. यात करार मोडला असं होतच नाही, करारातच ती सोय लिहिलेली असते.

आता कॅपचं, म्हणजे टीमच्या एकूण पगारावरच्या मर्यादेचं समजून घ्या कारण सगळा खेळ तिथे आहे. सॅलरी कॅप १९९४ ला सुरू झाली तेव्हा एका टीमला ३४.६ मिलियनची मर्यादा होती, २०२५ ला ती २७९.२ मिलियन झाली. साइनिंग बोनस, म्हणजे करारावर सही केल्याचे पैसे, प्लेअरला लगेच मिळतो पण कॅपच्या वहीत तो काँट्रॅक्टच्या वर्षांवर सारखा वाटून लिहितात, जास्तीत जास्त पाच वर्षं. समजा ५० मिलियन बोनस आणि पाच वर्षांचा करार, तर दरवर्षी १० लागतील. दोन सीझन झाल्यावर प्लेअरला काढलं तर उरलेले ३० एकदम त्या वर्षीच्या कॅपवर येऊन पडतात, त्यालाच डेड मनी म्हणतात, माणूस टीममध्ये नाही पण त्याची जागा वहीत अडलेली. १ जूननंतर काढला असं दाखवलं तर यावर्षी १० आणि पुढच्या वर्षी २० असं विभागता येतं. जोन्स गेल्यावर जायंट्सच्या २०२५ च्या वहीत २२ मिलियनच्या आसपास असेच लागले होते.

म्हणून कुठलीही बातमी वाचताना मी फक्त दोन गोष्टी बघतो, फुल्ली गॅरंटीड किती आणि कितव्या वर्षी काढलं तर डेड मनी किती. ते कळलं की करार खरंच किती वर्षांचा आहे ते आपोआप दिसतं.

फोर्थ_अँड_गोल
हिशोबवही यांनी छान सांगितलंय, एक राहिलं, इंजुरी गॅरंटी. जोन्सच्या करारात २०२५ साठी २३ मिलियन असे होते की तो मोठा जखमी होऊन मार्चमध्ये फिजिकल (वैद्यकीय तपासणी) पास झाला नाही तरच टीमला द्यावे लागणार. म्हणून नोव्हेंबरमध्ये त्याला बेंचवर बसवलं तेव्हा तो चांगला खेळत नव्हता हे खरंच, पण गुडघा गेला तर २३ मिलियन गळ्यात पडतील ही भीतीही होती. बसवल्यावर त्याने स्वतःच रिलीज मागितली.

हे पहिल्यांदा झालं असंही नाही. २०२२ ला रेडर्सनी डेरेक कारला शेवटच्या दोन मॅचना बसवलं, कारण तेच, पुढच्या सीझनचे ४० मिलियनच्या वर पैसे अडकले असते. २०२३ ला डेन्व्हर ब्रॉन्कोजनी रसेल विल्सनला शेवटच्या दोन मॅचना बसवलं, त्याचे ३७ मिलियन तसेच टांगलेले होते. धडधाकट क्वार्टरबॅक साइडलाइनला हेडसेट लावून उभा आहे आणि मैदानात बॅकअप पळतोय, हे चित्र डिसेंबरमध्ये दिसलं की मी आता स्कोअर बघत नाही, करार शोधतो.

विल्सनचं पुढचं ऐका. २०२२ ला त्याने २४० मिलियनच्या वरचं एक्स्टेन्शन (चालू कराराला जोडलेली वाढीव वर्षं) सही केलं, ते सुरू व्हायचं होतं २०२४ पासून, आणि मार्च २०२४ मध्ये ब्रॉन्कोजनी त्याला सोडलं, म्हणजे त्या एक्स्टेन्शनचं एकही वर्ष तो खेळला नाही. पण २०२४ चे ३९ मिलियन गॅरंटीड होते. करारात ऑफसेटची अट होती, नवीन टीमने जे दिलं ते जुनीच्या बिलातून वजा. मग पिट्सबर्गने त्याला फक्त मिनिमम दिलं, १.२१ मिलियन, आणि बाकी सगळं डेन्व्हरने भरलं. डेन्व्हरच्या वहीत दोन वर्षांत मिळून ८५ मिलियन डेड मनी लागला. तेव्हा टीमलाही फुकट सुटका नसते.

रनिंगबॅक_रडार
सेक्वॉनबद्दल मी लिहिते, कारण या विषयावर मला खरंच राग आहे.

तो २०१८ ला दुसऱ्या नंबरवर ड्राफ्ट झाला (ड्राफ्ट म्हणजे टीम्स पाळीपाळीने नवे प्लेअर निवडतात तो), वय २१. रूकीचा, म्हणजे नवख्या प्लेअरचा पगार २०११ च्या करारापासून ड्राफ्टच्या नंबरनुसार जवळपास ठरलेलाच असतो, घासाघीस फारशी नाही. चार वर्षं ती. पहिल्या राउंडचा प्लेअर असेल तर टीमला पाचव्या वर्षाचा ऑप्शन, तो त्यांनी घेतला, ७.२ मिलियन. मग सहाव्या वर्षी टॅग, १०.१ मिलियन. टॅग म्हणजे साधारण त्या पोझिशनवरच्या वरच्या पाच पगारांच्या हिशोबाने एका वर्षाची रक्कम. प्लेअर नाही म्हणू शकतो, पण नाही म्हणणं म्हणजे घरी बसणं, टीमच्या संमतीशिवाय दुसरीकडे जायला मार्ग जवळपास नसतोच. तर मोजा, २१ ते २६ अशी सहा वर्षं एकाच टीमच्या ताब्यात, मधे २०२० ला गुडघ्याचं लिगामेंट (एसीएल) फाटून झालं, आणि बाजारात आपली किंमत काय हे त्याला एकदाही विचारता आलं नाही. क्वार्टरबॅक ३५ व्या वर्षी पण पैसे मागू शकतो, रनिंग बॅकचे पाय तोवर संपलेले असतात. नियम सगळ्यांना सारखे आहेत असं म्हणतात पण ज्याचं करिअरच सहा-सात वर्षांचं, त्याच्यावर त्या नियमाचं ओझं वेगळं पडतं.

ले'व्हियॉन बेलने २०१८ ला नाही म्हणून बघितलं, १४.५ मिलियनच्या टॅगवर सहीच केली नाही, अख्खा सीझन बाहेर बसला, ते पैसे गेले ते गेलेच. २०१९ ला जेट्सनी ४ वर्षांचे ५२.५ मिलियन दिले खरे, पण ऑक्टोबर २०२० मध्ये सोडूनही दिलं. २०२३ च्या जुलैमध्ये सेक्वॉन, जोश जेकब्स, टोनी पोलार्ड तिघांचेही लाँग टर्म करार मुदतीत झाले नाहीत तेव्हा लीगमधले मोठे रनिंग बॅक एकत्र व्हिडिओ कॉलवर बसले होते, पण कॉलवर बसून नियम बदलत नाही, त्यासाठी प्लेअर्सच्या युनियनचा लीगशी करार लागतो आणि तो २०३० च्या सीझनपर्यंत बांधलेला आहे.

निळी_जर्सी, तुम्हाला सेक्वॉनचं ईगल्सच्या जर्सीत बघवत नाही हे समजू शकते, पण त्याच्या बाजूने बघा ना, पहिल्यांदा मोकळा झाला आणि पहिल्याच वर्षी दाखवून दिलं.

फोर्थ_अँड_गोल
ताई तुमचं रनिंग बॅकबद्दल पटलं, पण टॅग नेहमीच प्लेअरच्या विरोधात जातो असं नाही. कर्क कझिन्स बघा. वॉशिंग्टनने २०१६ ला टॅग लावला, २० मिलियनच्या जवळ. २०१७ ला परत लावला, दुसऱ्यांदा लावताना २० टक्के वाढवावे लागतात म्हणून २४ च्या जवळ. तिसऱ्यांदा लावायचा तर आकडा ३४ च्या पुढे जात होता, टीमने हात टेकले. कझिन्स दोन्ही वर्षं शांतपणे सही करून खेळला, घाई केली नाही, आणि २०१८ ला मिनेसोटाने त्याला ३ वर्षांचे ८४ मिलियन दिले, पूर्ण गॅरंटीड. त्या काळात एवढ्या मोठ्या रकमेचा पूर्ण गॅरंटीड करार कुणी बघितला नव्हता. अर्थात तो क्वार्टरबॅक होता आणि दुखापतीपासून वाचला, दोन्ही गोष्टी लागतात.

निळी_जर्सी
बापरे, एवढं सविस्तर, मनापासून आभार सगळ्यांचे. मग सगळेच पूर्ण गॅरंटी का मागत नाहीत? २०२२ ला क्लीव्हलँडने डेशॉन वॉट्सनला ५ वर्षांचे २३० मिलियन पूर्ण गॅरंटीड दिले होते ना, त्यानंतर तर रांग लागायला हवी होती.

हिशोबवही
मागतात हो, मिळत नाही. लमार जॅक्सनचं उदाहरण घ्या, एजंट नाही, स्वतः बोलणी करणारा माणूस, एमव्हीपी (सीझनचा सर्वोत्तम प्लेअर) ठरलेला क्वार्टरबॅक. २०२३ ला बाल्टिमोर रेव्हन्सनी नॉन-एक्सक्लुझिव्ह टॅग लावला, म्हणजे कुठलीही टीम त्याला ऑफर देऊ शकत होती, रेव्हन्सनी ती मॅच केली नाही तर ड्राफ्टमधल्या पहिल्या राउंडच्या दोन निवडी (फर्स्ट राउंड पिक) देऊन त्याला घेऊन जा. एकाही टीमने ऑफर शीट दिली नाही! शेवटी रेव्हन्सबरोबरच ५ वर्षं २६० मिलियन, गॅरंटीड १८५. युनियनने मालकांच्या संगनमताची तक्रार केली होती, त्याचा निकाल २०२५ ला बाहेर आला. लवादाने म्हटलं की लीगने टीम्सना गॅरंटी कमी ठेवायला उत्तेजन दिलं होतं, पण टीम्सनी प्रत्यक्षात ठरवून तसं केलं हे सिद्ध झालं नाही.

दुसरं एक जुनं कारण पण आहे. गॅरंटीड पैशांपैकी पुढच्या वर्षांचा मोठा भाग मालकाला आधीच बाजूला काढून ठेवावा लागतो असा लीगचा नियम. आज मालकांकडे टीव्हीचा एवढा पैसा असताना त्या नियमाला काय अर्थ राहिलाय मला कळत नाही, पण बोलणी करताना टीम तोच पुढे करते.

यावर एजंट लोकांनी शोधलेली युक्ती म्हणजे मार्चचा रोस्टर बोनस, म्हणजे ठरल्या तारखेला टीमच्या यादीत (रोस्टरवर) असल्याचे पैसे. लीग इयर मार्चच्या मध्यावर सुरू होतं, त्यानंतर तीन-चार दिवसांत अमुक मिलियन द्यायचे असं करारात घालायचं. म्हणजे सोडायचं असेल तर टीमला तेव्हाच ठरवावं लागतं, बाजारात पैसा आहे तोवर प्लेअर मोकळा होतो. हेच ऑगस्टपर्यंत लटकवून सोडलं तर सगळ्यांच्या कॅप संपलेल्या असतात, मिनिममवर सही करण्यावाचून इलाज नाही. माझ्या मते मधल्या फळीतल्या प्लेअरसाठी दोन मिलियन जास्त मिळण्यापेक्षा ही तारीख जास्त मोलाची आहे.

रनिंगबॅक_रडार
तारखेचं अगदी बरोबर. अजून एक तारीख सांगते, पहिली मॅच. चार किंवा जास्त सीझन झालेला प्लेअर पहिल्या आठवड्याच्या रोस्टरवर असला की त्याचा त्या वर्षीचा बेस पगार जवळपास पक्का होतो. म्हणून काही टीम्स जुन्या माणसाला पहिल्या मॅचच्या आधी सोडतात आणि दुसऱ्या आठवड्यात परत बोलावतात. सोमवारी फोन येतो, बॅग भरून तयार राहा. हे कुठल्या हेडलाइनमध्ये येत नाही.

निळी_जर्सी
हिशोबवही, तुम्ही सांगितल्याप्रमाणे काल रात्री बसून सेक्वॉनचे दोन्ही करार लावून बघितले. २०२४ चा ३ वर्षं ३७.७५ मिलियन, त्यात २६ गॅरंटीड. मार्च २०२५ चं एक्स्टेन्शन २ वर्षं ४१.२, त्यात ३६ गॅरंटीड. म्हणजे एका सीझनमध्ये गॅरंटीचं प्रमाण सत्तर टक्क्यांच्या आतून सत्त्याऐंशीपर्यंत गेलं. आता खरंच वाचता येतंय मला हे.

शेवटचं एक, प्लेअर स्वतःच मधे रिटायर झाला तर साइनिंग बोनस परत द्यावा लागतो का?

फोर्थ_अँड_गोल
टीम मागू शकते, न खेळलेल्या वर्षांच्या वाट्याचा. मागायचा की नाही हे टीमच्या मनावर. डेट्रॉईटने कॅल्विन जॉन्सनकडून मिलियनच्या वर परत घेतले होते, नऊ वर्षं त्यांच्यासाठी शरीर झिजवलेला माणूस, त्यानंतर कित्येक वर्षं तो त्यांच्याशी नीट बोलत नव्हता. अँड्र्यू लक ऑगस्ट २०१९ मध्ये, सीझन तोंडावर असताना २९ व्या वर्षी थांबला, दुखापतींनी पार थकला होता. त्याची टीम कोल्ट्स त्याच्याकडून २४.८ मिलियन मागू शकत होते. त्यांनी एक डॉलर मागितला नाही.