उत्तर: चिलकॉट अहवाल आणि मंडळाचं पत्र (गणपतीच्या हॉलचंही बघा)

प्रेषक: बापू, हॅरो
बुधवार, 6 जुलै 2016, रात्री 10:40

मंडळी,

आज सकाळपासून टीव्हीसमोरून हललो नाही. सात वर्षं, बारा खंड, सव्वीस लाख शब्द. इराक युद्धाच्या सरकारी चौकशीचे अध्यक्ष सर जॉन चिलकॉट शांतपणे वाचत होते की निःशस्त्रीकरणाचे शांततेचे मार्ग संपायच्या आतच ब्रिटन इराकवरच्या स्वारीत उतरलं. 15 फेब्रुवारी 2003 ला लंडनच्या युद्धविरोधी मोर्चात एम्बँकमेंटवर गारठत आपण दुसरं काय ओरडत होतो? आपल्यातले नऊ जण होते. थर्मासमधला चहा हाइड पार्कला पोचायच्या आधीच संपला. पोलीस म्हणाले साडेसात लाख माणसं होती, आयोजक म्हणाले वीस लाख. चहा मात्र कुणालाच पुरला नाही.

माझा प्रस्ताव असा: मंडळाच्या लेटरहेडवर आपल्या खासदारांना पत्र जावं. मसुदा दोन ओळींचा आहे. "इराकवरील आक्रमण बेकायदा होते, हे चिलकॉट अहवालाने सिद्ध केले आहे. मंडळ त्याचा तीव्र निषेध करते." हरकती रविवारपर्यंत कळवा.

बापू

---

प्रेषक: सचिव
गुरुवार, 7 जुलै, सकाळी 7:15

बापू, आपण धर्मादाय संस्था म्हणून नोंदलेले आहोत. घटनेत उद्देश "मराठी भाषा व संस्कृतीचे संवर्धन" असा लिहिलाय. त्यात इराक येत नाही. शिवाय छापील लेटरहेड अठराच उरली आहेत, ती देणगीच्या पावत्यांबरोबर जायची आहेत.

5 सप्टेंबरला चतुर्थी, सोमवार आहे. हॉलचं डिपॉझिट या शुक्रवारपर्यंत भरलं नाही तर शनिवार-रविवारचा स्लॉट जाईल. यावर आतापर्यंत एकाही मेलला उत्तर आलेलं नाही. इराकवर मात्र रात्रीतून अकरा.

---

प्रेषक: माई, स्लाव
गुरुवार, 7 जुलै, दुपारी 1:05

माझा विरोध नोंदवा. युद्ध बरोबर होतं असं मी म्हणत नाही. पण माझ्या वॉर्डात इराकमधल्या सुलेमानियाची एक कुर्द नर्स होती. 1988 च्या मार्चमध्ये सद्दामने हलब्जा या कुर्द गावावर विषारी वायू सोडला, त्यात तिच्या मावशीचं सगळं घर गेलं. 9 एप्रिल 2003 ला बगदादमधला तो पुतळा पडला तेव्हा ती नाइट ड्यूटी करून घरी न जाता कँटीनच्या टीव्हीपुढे उभी होती. हसत नव्हती, रडत नव्हती, हातातला टोस्ट तसाच. तिच्यापुढे मी "बेकायदा" हा शब्द उच्चारू शकले नाही. हलब्जाच्या वेळी कुणी लेटरहेड काढलं होतं का?

---

प्रेषक: अण्णा, क्रॉयडन
गुरुवार, 7 जुलै, रात्री 9:30

बापूंच्या मसुद्यात पहिल्याच वाक्यात चूक आहे, आणि ती खासदाराचा कारकूनही पकडेल. चिलकॉट यांनी युद्ध बेकायदा ठरवलेलं नाही. कायदेशीरपणावर आम्ही मत देत नाही, तो न्यायालयाचा प्रांत, असं त्यांनी स्पष्ट म्हटलंय. ते म्हणतात एवढंच की कायदेशीर आधार आहे हे ज्या परिस्थितीत ठरवलं गेलं, ती समाधानकारक म्हणता येण्यापासून फार दूर होती. वकिली भाषेत ही शिवीच आहे, पण निकाल नव्हे.

आता मूळ मुद्दा. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेत कलम 2(4) बळाचा वापर निषिद्ध ठरवतं. पळवाटा दोनच: कलम 51 चं स्वसंरक्षण, किंवा सुरक्षा परिषदेची परवानगी. 1990 च्या ठराव 678 मध्ये "सर्व आवश्यक उपाय" असे शब्द होते, ते कुवेत सोडवण्यासाठी. 8 नोव्हेंबर 2002 चा ठराव 1441 पंधरा विरुद्ध शून्य असा मंजूर झाला, सीरियासुद्धा बाजूने होता. कारण त्यात फक्त "गंभीर परिणाम" असं लिहिलं होतं आणि ज्याने त्याने आपापला अर्थ घरी नेला. लंडनने नेलेला अर्थ असा, की इराकने अटी मोडल्या, म्हणून बारा वर्षांपूर्वीची परवानगी आपोआप जिवंत झाली. मेलेल्या मृत्युपत्राला पालवी फुटावी तसं.

परराष्ट्र खात्याच्या कायदेसल्लागारांना हे पटलं नव्हतं. त्यांचे प्रमुख सर मायकेल वुड यांच्या टिपणावर परराष्ट्रमंत्री जॅक स्ट्रॉ यांनी उत्तर दिलं की सल्ला वाचला, मान्य नाही. वुड यांच्या उपसल्लागार एलिझाबेथ विल्म्सहर्स्ट यांनी राजीनामा दिला. महान्यायवादी लॉर्ड गोल्डस्मिथ यांचं 7 मार्चचं मत तेरा पानांचं होतं, त्यात दुसरा ठराव घेणं हाच सुरक्षित मार्ग असंही होतं. दहा दिवसांनी संसदेपुढे आलं ते छोटंसं लेखी उत्तर, आणि त्यातून शंका गाळलेल्या. तेरा पानं मंत्रिमंडळालाही दाखवली नव्हती. मी चाळीस वर्षं अशिलांना मतं लिहून दिली. अशील सोयीची ओळ वाचतो हे ठाऊक आहे, पण इथे बाकीची पानं त्याच्यापुढे ठेवलीच नाहीत.

राहिला "तीव्र निषेध". या शब्दावरून आपल्या लोकसभेत काय झालं ते आठवा. 8 एप्रिल 2003, अध्यक्षांच्या खुर्चीत मनोहर जोशी. विरोधकांना इंग्रजीत "कंडेम" हवं होतं, वाजपेयी सरकार "डिप्लोर"च्या पुढे सरकेना. शेवटी ठराव हिंदीत "निंदा" आणि इंग्रजीत "डिप्लोर" असा एकमताने झाला. दोन्ही बाजू जिंकून घरी गेल्या. दुसऱ्याच दिवशी माईंनी सांगितलेला पुतळा पडला.

मी तेव्हा हसलो होतो. पण पुढे अमेरिकेने सैन्य मागितलं, तेव्हा 14 जुलैला दिल्लीने सांगितलं की संयुक्त राष्ट्रांचा स्पष्ट आदेश असल्याशिवाय येणार नाही, आणि सैन्य गेलं नाही. इथे उलटं झालं. 17 मार्चला मंत्री रॉबिन कुक यांनी ब्रिटिश संसदेत राजीनाम्याचं भाषण केलं. त्या सभागृहात टाळ्या वाजवायची रीत नाही, तरी वाजल्या. आणि दुसऱ्या दिवशी 412 विरुद्ध 149 ने युद्ध मंजूर. तेव्हा बापू, शब्द कडक आहे की मऊ यावर मी फार वेळ घालवणार नाही.

अण्णा

---

प्रेषक: सचिव
शुक्रवार, 8 जुलै, सकाळी 7:02

डिपॉझिट मी माझ्या खिशातून भरलं. आभार मानू नका, पैसे पाठवा.

---

प्रेषक: भाई, स्विंडन
शनिवार, 9 जुलै, रात्री 11:50

बापू, पत्रावर सही करायला मी तयार आहे. पण आधी माझा पासपोर्ट बघा. तो पोर्तुगालचा आहे.

मंडळात बऱ्याच जणांना हे ठाऊक नाही, कारण मी आरती मराठीत म्हणतो आणि आडनावावरून कुणाला शंका येत नाही. माझे बाबा 1950 साली फोंड्याजवळ जन्मले. 19 डिसेंबर 1961 पूर्वी गोव्यात जन्मलेला माणूस पोर्तुगालच्या लेखी पोर्तुगीज. लिस्बनला त्यांचा जन्म नोंदवला, मग माझा, आणि आम्ही स्विंडनला आलो. इथे आमच्यासारखे हजारो आहेत. गोदामात माझ्या पाळीत निम्मी माणसं साश्टी-बार्देसची.

18 डिसेंबरला पहाटे बांबोळीच्या वायरलेस केंद्रावर आपल्या विमानांनी बॉम्ब टाकले. बाबा अकरा वर्षांचे होते. पाखल्यांनी, म्हणजे पोर्तुगिजांनी, पळताना बाणस्तारीचा पूल उडवला. सैनिक आले म्हटल्यावर आजीने मुलांना कोठीत कोंडलं आणि दाराच्या फटीतून बघत राहिली. तर बाहेर एक जवान मराठीत विचारतोय, "मावशी, विहीर कुठंय?" पॅरा रेजिमेंटची मराठा पलटण होती ती. आजी मरेपर्यंत सांगायची, पाहुणे यावेत तसं सैन्य आलं. दोन्हीकडचे मिळून पन्नासएक सैनिक गेले. दुसऱ्या संध्याकाळी गव्हर्नर वासालो इ सिल्वा शरण आला. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझारने त्याला शेवटच्या माणसापर्यंत लढायला सांगितलं होतं.

पण 18 च्या रात्री न्यूयॉर्कला सुरक्षा परिषदेत काय चाललं होतं, ते मी फार उशिरा वाचलं. अमेरिकेचे अॅडलाय स्टीव्हन्सन म्हणत होते की संयुक्त राष्ट्रांच्या मृत्यूने संपू शकेल अशा नाटकाचा पहिला अंक आपण बघतोय. भारताने युद्ध थांबवून मागे जावं, या ठरावाच्या बाजूने सात मतं, विरुद्ध चार. अडवला तो रशियाच्या नकाराधिकाराने. आणि आपले प्रतिनिधी सी. एस. झा काय म्हणाले? वसाहतवादाचे शेवटचे अवशेष काढणं ही आमची श्रद्धा आहे, सनद असो वा नसो, परिषद असो वा नसो.

बापू, हे "सनद असो वा नसो" ब्लेअरच्या तोंडी घालून बघा.

मी मुक्तीच्या विरोधात नाही. 19 डिसेंबरला आमच्याकडे पातोळ्या होतात, हंगाम नसला तरी. पण पत्रात "परवानगीशिवाय सैन्य घुसवलं म्हणून निषेध" एवढंच लिहिलंत, तर खाली सही करताना माझा हात अडखळेल. लिस्बनच्या जुन्या पुस्तकांत आमच्या मुक्तीलाही आक्रमणच म्हटलंय.

---

प्रेषक: अण्णा, क्रॉयडन
रविवार, 10 जुलै, सकाळी 8:10

भाई, रात्रभर तुमचा मेल डोक्यात होता.

फरक दाखवता येतात. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेच्या 1960 च्या ठराव 1514 ने वसाहतवादच अमान्य केला होता. दादरा-नगर हवेलीच्या खटल्यात 12 एप्रिल 1960 ला हेगच्या न्यायालयाने सांगितलं की पोर्तुगालला सैन्य आणि शस्त्रं आपल्या भूमीतून न्यायचा हक्क नाही. नेहरूंनी चौदा वर्षं वाट पाहिली. नानासाहेब गोरे, सेनापती बापट सत्याग्रह करत गेले. 15 ऑगस्ट 1955 ला निःशस्त्र माणसांवर गोळ्या झाडल्या गेल्या. इकडे इराकमधल्या शस्त्रतपासणीचे प्रमुख हान्स ब्लिक्स सुरक्षा परिषदेला सांगत होते की तपासणीला वर्षं नकोत, आठवडे पुरणार नाहीत, महिने हवेत, तर तेही दिले नाहीत. आणि गोव्यात आलेली माणसं गोव्याचीच झाली. 1974 अखेरीस पोर्तुगालनेही सार्वभौमत्व मान्य केलं. इराकचा हिशेब चिलकॉट यांनीच दिलाय: 2009 पर्यंत निदान दीड लाख इराकी मेले.

पण हे सगळं न्यायाचं झालं. कलम 2(4) च्या अक्षरात यातलं काहीही बसत नाही, आणि नंतरची मान्यता आधीच्या दिवसाला लागू करता येत नाही. कायदा म्हणून गोव्याची बाजू मला पूर्ण पटत नाही, माणूस म्हणून शंभर टक्के पटते. हे कबूल करायला वकिलाला निवृत्त व्हावं लागतं.

मजा बघा, पोर्तुगालशी 1373 पासून मैत्रीचा तह असलेल्या ब्रिटनने तेव्हा खेद व्यक्त केला आणि बोटही हलवलं नाही.

---

प्रेषक: माई, स्लाव
रविवार, 10 जुलै, सकाळी 11:20

भाईंच्या आजीसारखंच माझी नर्ससुद्धा आधी "पाहुणे" म्हणाली होती. 2006 मध्ये तिचा भाऊ बगदादला बाजारात गेला तो परत आला नाही. हे मी गुरुवारी लिहिलं नव्हतं. लिहायला हवं होतं.

---

प्रेषक: बापू, हॅरो
रविवार, 10 जुलै, रात्री 10:05

मंडळी,

लेटरहेड वाचलं. पत्र माझ्या एकट्याच्या नावाने उद्या टपालात टाकतोय. "सिद्ध केले आहे" काढलं. "निषेध" ठेवला, तो माझा आहे, मंडळाचा नाही. हलब्जा एका वाक्यात घातलंय. गोवा घालायला गेलो, तीनदा लिहिलं, तीनदा खोडलं. प्रत्येक वेळी वाक्य आपल्या बाजूने झुकत होतं.

मागणी एकच ठेवलीय. पुढच्या वेळी सैन्य पाठवायला मत मागाल तेव्हा महान्यायवाद्यांचा सल्ला अख्खा, सगळ्या पानांसकट, मतदानाआधी सभागृहापुढे ठेवाल का? हो किंवा नाही कळवा.

भाई, याच मजकुराचं पत्र तुम्ही स्विंडनच्या खासदाराला टाकाल?

---

प्रेषक: भाई, स्विंडन
रविवार, 10 जुलै, रात्री 10:31

टाकतो. उत्तर कितपत येईल सांगत नाही. भारतीय पासपोर्ट राखला असता तर कॉमनवेल्थवाला म्हणून इथल्या खासदाराला मत देता आलं असतं. पोर्तुगालवाल्याला ते नाही. गेल्या महिन्यात ब्रेक्झिटच्या नावाखाली आम्ही इथे राहायचं की जायचं यावर सगळा देश मत देऊन आला, मी त्या दिवशी दुहेरी पाळी केली.

सचिव, माझे वीस पौंड हॉलचे पाठवलेत. बघून घ्या.