लॉगिनचा पडदा येतानाच कर्नल कोसळतो – मदत हवी आहे

आमच्या गावच्या वाचनालयात एक जुना डेस्कटॉप आहे. त्यावर डेबियनवर आधारित लिनक्स आहे आणि पुस्तकांची सगळी नोंदवही त्यातच आहे. मी तिथे संध्याकाळी स्वयंसेवक म्हणून बसते. ६.१ मालिकेतलाच कर्नलचा (लिनक्सच्या गाभ्याचा) नवा अपडेट आला, मशीन रीस्टार्ट केलं आणि तेव्हापासून अडचण सुरू झाली.

ग्रब (कोणता कर्नल सुरू करायचा ते विचारणारा मेनू) येतो, पुढचे संदेश नीट सरकतात, डिस्कची तपासणीही होते. जीडीएम या लॉगिन प्रोग्रॅमचा पडदा यायच्या क्षणी मात्र स्क्रीन काळी होते आणि सगळं गोठतं. मजकुराच्या पडद्यावर जायला कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबून काही होत नाही. कीबोर्ड पीएस/२ आहे, त्याचे कॅप्स लॉक आणि स्क्रोल लॉकचे दिवे लुकलुकत राहतात, म्हणजे हे कर्नल पॅनिकच (कर्नल सावरता न येण्यासारखा थांबणं) असावं.

ग्रबमधून जुना कर्नल निवडला की मशीन व्यवस्थित चालतं. नव्या कर्नलला ‘नोमोडसेट’ हा बूट पर्याय दिला तर लॉगिन येतं, पण अक्षरं फुगलेली आणि रेझोल्यूशन अगदी कमी. मेमटेस्ट रात्रभर चालवला, रॅममध्ये दोष नाही. बाहेरचा कुठलाही ड्रायव्हर टाकलेला नाही.

खरी अडचण पुढे आहे. जर्नलमध्ये (सिस्टीमच्या नोंदवहीत) मागच्या बूटची नोंद पाहिली तर ती कोसळण्याच्या आधीच तुटलेली दिसते. नेमकं कुठे फुटतंय हे कळल्याशिवाय कुणाला काय सांगणार? तो संदेश पकडायचा कसा? जाणकारांनी कृपया सांगावं. जुन्या कर्नलवर कायम राहणं मला पटत नाही, सुरक्षेच्या दुरुस्त्या त्यात येणार नाहीत.

प्रतिसाद १

ताई, निदान बरोबर दिशेने चाललंय. नोमोडसेटने कर्नलचा ग्राफिक्स ड्रायव्हर बाजूला राहतो, म्हणून संशय त्याच्यावरच. पॅनिक झाल्यावर डिस्कवर लिहायला कुणी उरत नाही, त्यामुळे जर्नल तुटतं. पडद्यावर पॅनिकचा मजकूर दाखवायची डीआरएम पॅनिक ही सोय ६.१० मध्ये आली, तुमच्याकडे ती नाही.

मशीनचं फर्मवेअर यूईएफआय (नव्या धाटणीचं) असेल तर आधी /व्हार/लिब/सिस्टमडी/पीस्टोअर हे फोल्डर बघा, कधीकधी शेवटच्या ओळी फर्मवेअरच्या मेमरीतून तिथे येऊन पडतात. तिथे काही नसेल तर नेटकन्सोल वापरा, ते कर्नलचे संदेश नेटवर्कवरून दुसऱ्या संगणकाला पाठवतं. ग्रबच्या ओळीत ‘सिस्टमडी.युनिट=मल्टी-युजर.टार्गेट’ घालून मजकुराच्या लॉगिनवर थांबा, नेटकन्सोल मोड्यूल चढवा, सगळे संदेश बाहेर यावेत म्हणून ‘डीमेसेज -एन ८’ द्या आणि मग हाताने जीडीएम सुरू करा. दुसऱ्या संगणकावर नेटकॅट हे साधन यूडीपी ६६६६ पोर्टवर ऐकत ठेवा. नेटवर्कची केबलच लावा, वायफायवर नेटकन्सोल बहुधा चालत नाही.

धागाकर्ती

मनापासून आभार! पीस्टोअर रिकामं होतं, पण नेटकन्सोलने काम केलं. पहिली ओळ ‘नल पॉइंटर डीरेफरन्स’ची, शेवटची ‘फेटल एक्सेप्शन इन इंटरप्ट’ची. कॉल ट्रेसमध्ये (कोसळताना चालू असलेल्या फंक्शन्सच्या यादीत) वरची सगळी फंक्शन्स ग्राफिक्स ड्रायव्हरचीच आहेत. ‘नॉट टेंटेड’ असंही लिहिलंय.

प्रतिसाद २

‘नॉट टेंटेड’ ही फार चांगली गोष्ट. बाहेरचं मोड्यूल मिसळलेलं असतं तर कर्नलवाल्यांनी आधी ते काढायला सांगितलं असतं. आता तुमच्या वितरणाकडे बग नोंदवा. पूर्ण ट्रेस, चालणाऱ्या आणि न चालणाऱ्या कर्नलचे नेमके क्रमांक, ‘एलएसपीसीआय -एनएन’चं उत्तर (हार्डवेअरची यादी) आणि नोमोडसेटने चालतं ही माहिती, सगळं एकाच नोंदीत द्या. ट्रेस मजकूर म्हणूनच जोडा, फोटो नको. दोन क्रमांकांमधला फरक जितका लहान, तितका दोष शोधणं सोपं.

दुरुस्ती येईपर्यंत वाचनालयाचं काम जुन्या कर्नलवर चालू द्या. त्याच्या पॅकेजला आजच ‘एपीटी-मार्क मॅन्युअल’ करून ठेवा, नाहीतर पुढच्या ऑटोरिमूव्हमध्ये (नको असलेली पॅकेजेस आपोआप काढताना) तो निघून जाऊ शकतो.