रेसिडेंट ईव्हिल ६ खरंच टाकाऊ आहे का? (गोळ्या, स्टॅमिना, कॅमेरा)

धुकेवाला
रेसिडेंट ईव्हिल ६, कॅपकॉमचा झॉम्बींचा गेम, पीसीवर सुरू आहे, एक्सबॉक्सचा कंट्रोलर, नॉर्मल पातळी. लिऑनचा दुसरा चॅप्टर संपत आलाय. अडचणी तीन. गोळ्या पुरत नाहीत. लाथाबुक्क्या मारायला गेलं की स्टॅमिनाची पट्टी रिकामी होते आणि लिऑन धापा टाकत उभा राहतो. कॅमेरा त्याच्या मानेवर बसवल्यासारखा आहे. शिवाय मध्येमध्ये बटणं बडवायचे प्रसंग येतात ते वेगळंच. ४ आणि ५ नंतर लोक या भागावर एवढे का चिडले ते समजतंय. पुढे खेळण्यात अर्थ आहे का? असेल तर कुठल्या क्रमाने?

रिकामी_मॅगझिन
जरूर खेळा. पण आधी हातातली सवय बदला. गोळ्या संपतायत कारण तुम्ही सहावा भाग चौथ्यासारखा खेळताय: थांबायचं, नेम धरायचा, डोक्यात गोळी, मग पुढचा. इथे शत्रू मरताना मोजकंच काही टाकतात, तेव्हा प्रत्येकाला गोळ्यांनीच मारायचं ठरवलं तर कोरडे पडणारच. लढाईचा अर्धा भाग हातापायांचा आहे, आणि तो कसा खेळायचा हे गेम नीट शिकवत नाही. माझ्या मते या गेमचा सगळ्यात मोठा गुन्हा हाच. सुरुवातीचा लिऑन आणि त्याची साथीदार हेलेना यांचा भाग तुम्हाला चालवतो, पळवतो, स्फोट दाखवतो, आणि खरं हत्यार सांगायचंच विसरतो.

ते हत्यार म्हणजे क्विक शॉट. एलटी आणि आरटी (कंट्रोलरचे डावा-उजवा ट्रिगर) एकाच क्षणी दाबा. आधी एलटी, मग आरटी असं केलंत तर तो साधा नेम होतो आणि काही घडत नाही, बहुतेक जण इथेच चुकतात. बरोबर दाबलं की पात्र सगळ्यात जवळच्या शत्रूकडे स्वतःहून वळून गोळी झाडतं, तो पाठीमागे असला तरी. शत्रू भेलकांडतो. आता दोन पावलं पुढे जाऊन नुसता आरटी दाबा: शेवटचा वार बसतो, साधा शत्रू तिथेच गार. हिशेब एक गोळी, स्टॅमिनाचा एक खण आणि एक वार. तुम्ही आत्ता तेवढ्याच कामाला चार-पाच गोळ्या घालत असाल.

काउंटर, म्हणजे शत्रूचा वार त्याच्यावरच उलटवणं, तर याहून स्वस्त. शत्रूचा हात वर गेला, वार सुटणार, त्या क्षणी आरटी. घाईत आधीच दाबलात तर साधा ठोसा जातो, स्टॅमिनाही जातो आणि वर मारही बसतो. टॉल ओक्स शहराच्या रस्त्यावर कुऱ्हाड घेतलेला झॉम्बी दिसला तर मुद्दाम थांबा आणि हे करून बघा. लिऑन ती कुऱ्हाड त्याच्याच हातातून हिसकावतो आणि त्याच्याच डोक्यात रुतवतो. ते एकदा जमलं की पुढचा सगळा गेम वेगळा दिसायला लागतो.

स्टॅमिना संपतो कारण समोर कोणी भेलकांडलेलं नसताना तुम्ही आरटी बडवताय. सलग ठोसे फक्त अगदी अडकलात तर. दोन शेवटचे वार झाले की जागा सोडा, पट्टी आपोआप भरते.

तळमजला
वरच्याला जोडून हालचालीचं सांगतो, कारण जीव तिथे वाचतो.

पळताना एलटी दाबलं की घसरत जाता, आणि वाटेतला शत्रू पायात सापडून आडवा होतो. एलटी धरून दिशा आणि ए दाबलं की त्या दिशेला झेप. जमिनीवर पडलात की लगेच उठायची घाई करू नका. एलटी धरून ठेवा, पडल्यापडल्या गोळ्या झाडता येतात आणि डावीउजवीकडे लोळताही येतं. कॅथीड्रलमधल्या लेपोतित्सा राक्षसासारखं काही अंगावर आलं की मागे झेप घ्यायची, पाठीवर पडूनच शॉटगन चालवायची, अंतर पडलं की उठायचं. उभ्या-उभ्या मागे सरकणं या गेममध्ये फार हळू आहे, त्याच्या भरवशावर राहू नका.

आरोग्य भरणाऱ्या जडीबुटीचा हिशेबही गेम सांगत नाही. एका हिरवीची १ टॅब्लेट, दोन हिरव्या मिसळून ३, तीन मिसळून ६. हिरवी आणि लाल मिसळली तरी ६. म्हणजे लाल हाताशी असेल तर तीन हिरव्या एकत्र खर्च करणं वाया. नुसती लाल खाता येत नाही. एक टॅब्लेट म्हणजे आरोग्याचा एक खण, आणि खण एकूण सहा. मिसळलेलं डबीत भरून टाका, सामानातली जागा मोकळी होते. डबीतून खायला एकच बटण लागतं, मेनू उघडायची गरज नाही. अर्धवट रिकामा झालेला खण थोडा वेळ मार चुकवलात तर आपसूक भरतो, त्यामुळे थोडंसं लागलं की टॅब्लेट गिळू नका.

चॅप्टर संपल्यावर स्किल पॉइंट खर्चायला मिळतात. पहिली खरेदी ‘आयटम ड्रॉप इन्क्रीज’. गोळ्यांची तक्रार तिथेच निम्मी होते. मग ‘फायरआर्म’ (बंदुका) किंवा ‘मेली’ (हातापायांचे वार), तुमचा हात कशावर बसला आहे ते बघून. एका वेळी तीनच स्किल लावता येतात, म्हणून पॉइंट दहा ठिकाणी शिंपडू नका.

कॅमेऱ्याचं दुखणं खरं होतं. ऑक्टोबर २०१२ मध्ये पीएस३ आणि एक्सबॉक्स ३६० वर गेम आला तेव्हा तो फारच जवळ होता, आणि सुरुवातीची परीक्षणं त्या आवृत्तीची आहेत. डिसेंबरच्या मोफत अपडेटने कॅमेरा लांब करायची सोय आली. पीसीवर सेटिंगमध्ये दृश्यकोन वाढवा. चालताना लिऑनची कंबर आणि पायाजवळची जमीन दोन्ही दिसायला हवीत, तेवढा. त्याशिवाय काउंटर जमणार नाहीत, कारण बाजूने येणारा हातच दिसत नाही.

खिडकीतला_कावळा
लढाईबद्दल दोघांचंही मान्य. पण वाईट परीक्षणं नुसती जुन्या कॅमेऱ्यावर ढकलण्यात अर्थ नाही. गेमस्पॉट या साइटने १० पैकी ४.५ दिले, जपानच्या फामित्सू मासिकाने ४० पैकी ३९. एकाच गेमला एवढी तफावत पडते तेव्हा दोघांना वेगवेगळी गोष्ट दिसलेली असते. ४.५ देणाऱ्याला जे खुपलं ते गेममध्ये आहेच.

लिऑनच्या पहिल्या चॅप्टरमधली पोलिसांची गाडी आठवा. बाहेर झॉम्बी काचा फोडतायत, आत किल्ली शोधायची, आणि ती वरच्या सनव्हायजरमागे. पहिल्यांदा घाबरायला होतं. दुसऱ्यांदा खेळताना ती नुसती बटणांची कवायत उरते, आणि ती टाळता येत नाही. ख्रिसच्या कथेतलं विमान, जेकच्या कथेतली मोटरसायकल, लिऑनचं लिफ्टच्या तारेवरून चढणं, सगळीकडे तेच: जो गेम हातापायांनी इतका छान खेळता येतो तो नेमका तिथे हात बांधून ठेवतो. लिऑनच्या कथेतला खलनायक सिमन्स तर इतक्या वेळा मरून परत उठतो की शेवटी त्याचं मरणही खरं वाटत नाही.

आणि भीती? ती लिऑनच्या कथेत आहे, थोडी जेकच्या कथेत उस्तानाक हा राक्षस मागे लागतो तेव्हा. ख्रिसची कथा सरळ युद्धाची आहे. ज्याला हॉरर हवा होता त्याची फसगत झाली असं म्हणणं चूक नाही. पहिल्याच खेपेला ४५ लाख प्रती बाजारात पाठवलेल्या गेमकडून सगळ्यांना सगळं हवं होतं. कॅपकॉमने चार कथा करून चौघांना वाटून द्यायचा प्रयत्न केला, आणि त्यात एकही कथा स्वतःच्या लयीत चालत नाही.

रिकामी_मॅगझिन
गाड्या-विमानांचं कबूल, त्यांचा बचाव करत नाही. पण ‘हॉरर नाही म्हणून वाईट’ हे मला पटत नाही. या मालिकेत घाबरवण्याची साधनं प्रत्येक भागात बदलली. पहिल्या भागांत स्थिर कॅमेरा आणि गेम सेव्ह करायला लागणाऱ्या शाईच्या रिबिनी, चौथ्यात खांद्यावरून नेम. सहाव्याने दडपण आणायला शत्रूचं शरीर वापरलं, आणि ती कल्पना लोकांनी नीट बघितलीच नाही.

ख्रिस आणि जेकच्या कथेतल्या जाव्होंकडे, म्हणजे विषाणूने बदललेल्या शत्रूंकडे, लक्ष द्या. ज्या अवयवावर मारा कराल तोच बदलतो. हातावर गोळ्या घातल्या की त्या हाताची ढाल होऊ शकते, तोच रुका-बेडेम. मग समोरून कितीही मारा, गोळ्या वाया. पायांवर मारा किंवा घसरत जाऊन पाडा. पायांवर फार मारा झाला की नोगा जातीचे होतात, त्यातले काही उड्या मारतात, काही उडतात. तेलो-एक्सप्लोझिया जातीचा स्वतःसकट फुटतो, त्याला लाथ मारायला जवळ जाऊ नका. म्हणजे कुठे गोळी मारायची हा निर्णय पुढचा शत्रू कोणता येणार हेही ठरवतो. सगळ्यांना भेलकांडवून शेवटच्या वाराने संपवलंत तर बदलायला वेळच मिळत नाही. क्विक शॉट म्हणूनच इतका महत्त्वाचा.

झॉम्बींचंही तसंच. श्रीकर (किंचाळणारा झॉम्बी) ओरडायच्या आत त्याच्या फुगलेल्या गळ्यावर नेम धरा. ब्लडशॉट जातीचा कातडं फाडून बाहेर आला की डोकं सोडा, छातीतलं उघडं हृदय फोडा. तो उडी मारतो त्या क्षणी बाजूला झेप, खाली उतरला की शॉटगनचा क्विक शॉट.

धुकेवाला
दोन्ही एकदम दाबण्याची गोष्ट माहीतच नव्हती, आधी एलटी मग आरटी असंच चाललं होतं. क्रमाचं राहिलं. आणि एकट्याने खेळताना हेलेनाला गोळ्या द्याव्या लागतात का?

तळमजला
नाही. पाचव्या भागातला तो त्रास इथे काढून टाकलाय. कॉम्प्युटर चालवतो तो साथीदार तुमच्या गोळ्या वापरत नाही, जडीबुटी उचलत नाही. त्याचा विचार सोडा, सगळं स्वतः उचला.

क्रम: लिऑन, ख्रिस, जेक, शेवटी एडा. सुरुवातीला एडाची कथा बाकीच्या तीन संपवल्याशिवाय उघडत नव्हती, डिसेंबर २०१२ च्या अपडेटने कुलूप काढलं. तरी शेवटीच ठेवा, बाकी तिघांना न कळलेली उत्तरं तिच्याकडे आहेत आणि आधी खेळलात तर त्यांची हवा निघते. ख्रिसचा दुसरा चॅप्टर आणि जेकचा पहिला हे दोन्ही एडोनिया या काल्पनिक देशात घडतात आणि एका जागी येऊन मिळतात. तिथला अवाढव्य ओग्रोमन दोन्ही बाजूंनी लढावा लागतो. दुसऱ्यांदा तो कंटाळवाणा वाटेल, पण जेक ख्रिसपेक्षा अगदी वेगळा चालतो. त्याच्याकडे हत्याराच्या जागी रिकामे हात निवडता येतात. आरटी धरून ठेवून सोडला की भरलेला ठोसा बसतो. त्याच्या कथेत बंदूक कमी वापरा.

नो होप या सगळ्यात अवघड पातळीकडे आत्ता वळू नका, तिथे स्किल चालतच नाहीत.

रिकामी_मॅगझिन
पुढच्या चॅप्टरला हात घालण्याआधी अर्धा तास मर्सिनरीज या कथेबाहेरच्या मोडमध्ये घाला. अर्बन केऑस नकाशा, लिऑन. १५० शत्रू, वेळ उलटा धावतो, आणि हातापायांनी मारलं की सेकंद वाढून मिळतात, म्हणजे गेम इथे तेच मागतो जे कथेत शिकवायचं राहून गेलं. पहिल्या खेपेला गुणांकडे बघू नका. नियम एकच ठेवा: प्रत्येक शत्रूला एक क्विक शॉट, एक शेवटचा वार. पट्टी संपली की पळा, घसरा, परत या. आकडा वाढला तर ठीकच, पण बोटांना एलटी-आरटी एकदम दाबायची सवय लागली की उठा आणि लिऑनला पुढच्या चॅप्टरच्या कॅटाकोम्बमध्ये (जमिनीखालच्या थडग्यांत) उतरवा.