अबोला : लहानपणी घरात कसा होता, आज काय करतो?

मंडळी, तुमच्याही घरी अबोला धरायचे का? मी इंदूरची, राजेंद्रनगरात वाढले, वय 27. आईने कधी हात उगारला नाही. ती बोलणं बंद करायची. सातवीत गणितात मार्क कमी पडले तेव्हा सलग चार दिवस. पोह्यांची बशी पुढे सरकवायची, वर शेव-जीरावण नेहमीसारखं, पण माझ्याकडे बघायची नाही. ओट्यावर डब्याखाली मी ‘सॉरी आई’ अशी चिठ्ठी ठेवली होती. संध्याकाळी ती तिथेच होती, पाणी लागून शाई फुटलेली.

आज साहेबांनी मेसेज वाचून उत्तर दिलं नाही की पोटात गोळा येतो. नवरा दमून गप्प बसला तरी तीनदा विचारते, ‘माझं काही चुकलं का?’ समुपदेशक ताईंनी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांचा 1970च्या दशकातला प्रयोग सांगितला. आईने दोन-तीन मिनिटं चेहरा अगदी कोरा ठेवायचा. बाळ आधी हसतं, हात पुढे करतं, ओरडतं, आणि शेवटी मान फिरवून घेतं. ते ऐकून मला रडू आवरेना. आईला दोष द्यायला हे लिहीत नाहीये, तिच्यावर माझी माया आहे. तुमचंही लिहा.

रामबाग, वय 24
आमच्याकडे अबोला आई-बाबांचा, आणि निरोप्या मी. ‘बाबांना सांग, पानं घेतलीत.’ बाबा दोन हातांवर बसलेले असायचे! आता ऑफिसात कुणाचंही बिनसलं की मध्ये मीच पडतो आणि रात्रभर छाती धडधडते. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर फोन केला. पैसे लागत नाहीत. पहिल्यांदाच कुणाचा निरोप नाही, माझं स्वतःचं बोललो.

सुदामानगर, वय 31
बाबा तापट होते. पण रात्री पायथ्याशी येऊन बसायचे, ‘जास्तच बोललो गं मी.’ भांडण मिटतं हे मला तेव्हापासून ठाऊक आहे.

एक आई, वय 58
अबोला धरणारी ती आई मीच. एकत्र कुटुंबात आवाज चढवायची सोय नव्हती, गप्प राहणं तेवढं हातात होतं. ते मुलावर काढलं. तो आता पुण्याला असतो, फोनवर ‘बरं आहे’ एवढंच म्हणतो. काल हे वाचून त्याला लिहिलं, ‘आठवीत असताना आठवडाभर तुझ्याशी बोलले नव्हते. चुकलं माझं.’

वाचलंय त्याने. उत्तर अजून नाही. थांबलेय मी.