सदाशिव अमरापूरकरांवर ४० मिनिटांचा कार्यक्रम : कोणते प्रसंग घ्यावेत?

तिसरी_घंटा :
आमच्या चित्रपट मंडळात अमरापूरकरांवर कार्यक्रम ठरलाय. चार तुकडे दाखवायचे, अधेमधे बोलायचं. ‘अर्धसत्य’ आणि ‘सडक’ नक्की आहेत. बाकी दोन कोणते घ्यावेत? आणि माहिती देताना लोक हमखास कुठे चुकतात?

मागची_रांग :
‘अर्धसत्य’चा (१९८३) फक्त शेवट दाखवू नका. तिथे सगळ्यांचं लक्ष ओम पुरींवर जातं आणि रामा शेट्टी (अमरापूरकरांची भूमिका) नुसता मरणारा माणूस उरतो. वेलणकर (ओम पुरींचा पोलीस अधिकारी) आणि शेट्टीची पहिली गाठ आधी घ्या, लगेच त्याला जोडून शेवटची. पहिल्या वेळी वेलणकर त्याला पकडायला आलेला असतो, शेवटी मदत मागायला. पारडं फिरलेलं असतं, तरी शेट्टीचा आवाज चढत नाही. पडद्यावर तो एकूण किती कमी वेळ आहे, हेही आवर्जून सांगा. श्रेय देताना कथा श्री. दा. पानवलकर, पटकथा विजय तेंडुलकर, संवाद वसंत देव. तिन्ही कामं एकट्या तेंडुलकरांच्या खात्यावर टाकली जातात.

‘गाजलेले संवाद’ छापाची संकलनं अजिबात वापरू नका. त्यात विराम कापलेले असतात, आणि या माणसाचं अर्धं काम विरामातच आहे.

इंटरव्हल :
पुरस्कारांचा घोळ होतो तो असा : ‘अर्धसत्य’साठी फिल्मफेअर मिळालं ते सहाय्यक अभिनेत्याचं. खलनायकाचं ‘सडक’मधल्या (१९९१) महाराणीसाठी, आणि त्या गटातला तो पहिलाच पुरस्कार होता. महाराणी हे तृतीयपंथी पात्र भीती घालण्यासाठीच रचलंय. आज ते खटकतं. हे तुकड्याच्या आधी सांगा, नाहीतर नंतरचा सगळा वेळ त्याच वादात जाईल.

मधल्या काळासाठी ‘हुकूमत’ (१९८७) पुरे. धर्मेंद्रसमोरचा खलनायक चालला आणि पुढे तशाच भूमिकांची रांग लागली. नव्वदीत ‘आँखें’, ‘इश्क’मध्ये विनोदाकडे वळले, ते एका वाक्यात उरका.

माळीवाडा_वेस :
हिंदीतच अडकू नका हो! मूळ नाव गणेश नरवडे, जन्म ११ मे १९५०, अहमदनगर (आताचं अहिल्यानगर). पाया रंगभूमीचा. ‘हँड्स अप’ हे नाटक पाहून गोविंद निहलानींनी ‘अर्धसत्य’साठी निवडलं. ‘२२ जून १८९७’मध्ये टिळक, दूरदर्शनच्या ‘भारत एक खोज’मध्ये महात्मा फुले. तिसरा तुकडा फुल्यांचाच घ्या. महाराणीनंतर लगेच फुले आले की वेगळं काही समजावून सांगावं लागत नाही. मराठीतलं हवं असेल तर सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर या दिग्दर्शकांचा ‘दोघी’.

चौथा ‘बॉम्बे टॉकीज’ (२०१३), दिबाकर बॅनर्जींचा भाग. सत्यजित राय यांच्या कथेवरचा. एका क्षणाची भूमिका मिळालेल्या नवाजुद्दीनला त्याचा दिवंगत नाट्यगुरू भेटतो, तो गुरू म्हणजे अमरापूरकर. चरित्र अभिनेत्यावरच्या कार्यक्रमाला याहून नेमकं काय हवं? ते गेले पुढच्याच वर्षी, ३ नोव्हेंबर २०१४ला.

मागची_रांग :
हे चारही चालतील. तुकडा ३-४ मिनिटांपेक्षा मोठा नको, म्हणजे बोलायला पंचवीसेक मिनिटं राहतात. आवाजाची पातळी प्रत्येक तुकड्याला वेगळी लावून ठेवा : ‘सडक’ला बेतलेल्या आवाजात रामा शेट्टी मागच्या खुर्च्यांपर्यंत पोचणार नाही. आणि चित्राची चौकट तपासा. जुने चित्रपट रुंद पडद्यासाठी ताणलेले किंवा वरून-खालून कापलेले सापडतात. चेहरा फुगलेला दिसला की ती प्रत बाजूला ठेवा.